संसद साठच दिवस भरते, मग बाकीचं वर्ष काय चालतं आणि आपला विषय आत कधी न्यायचा?

तुम्ही विचारलंय की संसद वर्षातून जेमतेम साठ-सत्तर दिवस भरते, त्यातला निम्मा वेळ गोंधळात जातो, मग बाकीचं वर्ष हे लोक करतात काय. आणि तुमच्या चौकात खासदारांची हजेरी किती टक्के, प्रश्न किती विचारले याचा बॅनर लागलाय तो कितपत खरा मानायचा. मी नाशिकमध्ये बरीच वर्षं खासदाराच्या ऑफिसात फक्त संसदेचं काम बघितलंय, म्हणजे प्रश्नांचे मसुदे करायचे, नियम ३७७ ची निवेदनं (खासदाराने सभागृहात द्यायची छोटी लेखी निवेदनं) लिहायची, आलेलं उत्तर वाचून पुढचा प्रश्न काय टाकायचा ते ठरवायचं. त्या अनुभवावरून सांगतो, थोडं लांब होईल.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र झाल्यात. एक म्हणजे संसद किती दिवस बसते, आणि दुसरी म्हणजे संसद किती काम करते. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही तुमच्याकडच्या कांद्याची अडचण लिहिलीय, त्यावरून मला वाटतं तुमचा खरा प्रश्न तिसराच आहे, की आपल्याकडचा एखादा विषय तिथे कुठल्या मार्गाने आत जातो आणि तो मार्ग वर्षात कधी उघडा असतो. हे कळलं की बॅनर कसा वाचायचा तेही आपोआप कळतं.

आधी हे सांगतो की बरंच काही परिस्थितीवर आहे. आपल्या जिल्ह्यात विधानसभेचे १५ मतदारसंघ आणि ते तीन लोकसभा मतदारसंघांत विभागलेत. सिन्नर, इगतपुरी, देवळाली आणि शहरातले तीन मिळून नाशिक लोकसभा, निफाड, येवला, चांदवड, नांदगाव, कळवण, दिंडोरी हे दिंडोरी लोकसभेत, आणि मालेगावचे दोन आणि बागलाण हे धुळ्यात. म्हणजे कांद्याचा माणूस बहुतेक वेळा नाशिकच्या खासदाराकडे निवेदन घेऊन येतो आणि त्याचं गाव असतं दिंडोरीत. कुठलाही खासदार देशातल्या कुठल्याही विषयावर बोलू शकतो हे खरं, पण निवेदनाचा पाठपुरावा स्वतःच्या मतदारसंघातला खासदारच मनापासून करतो, म्हणून आधी आपला खासदार कोण ते नक्की करा. दुसरं, तो मंत्री आहे का. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, ते उत्तरं देतात, आणि हजेरीच्या रजिस्टरवर सहीही करत नाहीत. २०२१ पासून २०२४ पर्यंत दिंडोरीच्या खासदार डॉ. भारती पवार केंद्रात राज्यमंत्री होत्या, त्या काळात त्यांच्या नावावर प्रश्न शून्य दिसतील आणि त्यावरून कामाबद्दल काहीच ठरवता येत नाही. तिसरं, पक्ष. सत्ताधारी बाकावरचा खासदार सभागृहात सरकारला अडचणीचं विचारायला कचरतो पण मंत्र्याच्या केबिनमध्ये जाऊन काम करून आणतो, विरोधी बाकावरच्याचं बरोबर उलट. दोन्ही प्रकारचे मी जवळून बघितलेत.

आता वर्ष. घटनेत एवढंच आहे की दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको (अनुच्छेद ८५). किती दिवस बसायचं ते कुठेच लिहिलेलं नाही. प्रथा तीन अधिवेशनांची, जानेवारीच्या शेवटी सुरू होणारं बजेट, जुलै-ऑगस्टचं पावसाळी आणि नोव्हेंबर-डिसेंबरचं हिवाळी. पहिली लोकसभा सरासरी वर्षाला १३५ दिवस बसत होती, २०१९ ते २०२४ ची सतरावी लोकसभा पाच वर्षांत मिळून २७४ दिवस बसली, म्हणजे वर्षाला ५५. तुमचा राग इथे रास्त आहे, मलाही हे कमीच वाटतं, आणि कमी बसण्याचं नुकसान नेमकं कुठे होतं ते मी कांद्यावरूनच दाखवतो.

२०२३ चं वर्ष घेऊ, कारण ते पूर्ण वर्ष आहे आणि आपल्याकडे सगळ्यांना आठवतंय. लोकसभा त्या वर्षी चार वेळा भरली आणि एकूण ६० दिवस बसली. ३१ जानेवारीला राष्ट्रपतींच्या अभिभाषणाने सुरुवात, १ फेब्रुवारीला बजेट, मग अभिभाषणावरची आणि बजेटवरची चर्चा, मग महिनाभर सुट्टी आणि मार्चमध्ये पुन्हा बैठका. ही मधली सुट्टी लोकांना वाटते तशी सुट्टी नसते. त्या वेळात स्थायी समित्या, म्हणजे खासदारांच्या कायमच्या समित्या, प्रत्येक मंत्रालयाच्या खर्चाच्या मागण्या तपासतात, सचिवांना समोर बसवून विचारतात की गेल्या वर्षी दिलेले पैसे का खर्चले नाहीत, आणि अहवाल देतात. हे काम चांगलं असतं, पण पुढे त्याचं काय होतं बघा. त्या वर्षी अदानी प्रकरण आणि राहुल गांधींचं लंडनमधलं वक्तव्य यावरून दोन्ही बाजूंनी गोंधळ चालला आणि २३ मार्चला सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या एकही चर्चा न होता एकदम मताला टाकून मंजूर केल्या, याला गिलोटिन म्हणतात. बहुतेक वर्षी काही मंत्रालयांवर तरी चर्चा होते आणि उरलेल्या गिलोटिनला जातात, त्या वर्षी कृषी, रेल्वे, संरक्षण सगळंच गेलं. म्हणजे गोंधळात संसद बंद पडते असं आपण म्हणतो, पण सरकारचं काम बंद पडत नाही, बंद पडतं ते विचारणं.

२० जुलै ते ११ ऑगस्ट पावसाळी अधिवेशन झालं. मणिपूरवरून अविश्वास ठराव आला, तीन दिवस चर्चा होऊन आवाजी मतदानाने फेटाळला गेला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयक ३ ऑगस्टला मांडलं आणि ९ तारखेला दोन्ही सभागृहांतून पास. शेवटच्या दिवशी ११ ऑगस्टला फौजदारी कायद्यांची तीन नवी विधेयकं मांडली, ती मात्र गृह खात्याच्या समितीकडे गेली, समितीने अहवाल दिला, सरकारने जुनी मागे घेऊन डिसेंबरमध्ये सुधारित मांडली. एकाच अधिवेशनातली ही दोन उदाहरणं लक्षात ठेवा. विधेयक समितीकडे गेलं तर तुम्हाआम्हाला बोलायला वेळ मिळतो, कारण समित्या बऱ्याचदा पेपरात जाहिरात देऊन लोकांकडून सूचना मागवतात. सरळ सभागृहात पास झालं तर तो वेळ मिळत नाही.

आता कांदा. पावसाळी अधिवेशन ११ ऑगस्टला संपलं आणि १९ ऑगस्टला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. उन्हाळ कांदा चाळीत पडलेला, भाव कुठे जरा वर येत होता. लासलगाव, पिंपळगाव सगळीकडे लिलाव बंद पडले. आमच्या ओळखीच्या सगळ्या ऑफिसांत फोन सुरू झाले की संसदेत आवाज उठवा, पण संसद नव्हतीच. मग सप्टेंबरमध्ये १८ तारखेपासून विशेष अधिवेशन झालं, नव्या इमारतीत प्रवेश, महिला आरक्षण, सगळं झालं, पण त्यात प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता. २० सप्टेंबरला लोकसभेत महिला आरक्षण विधेयक ४५४ विरुद्ध २ मतांनी पास झालं आणि त्याच दिवसापासून नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी शुल्काविरोधात लिलावावर बहिष्कार टाकला. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, म्हणजे त्याहून कमी दराने माल बाहेर पाठवता येत नाही. म्हणजे १९ ऑगस्टच्या निर्णयावर मंत्र्याला रीतसर प्रश्न विचारायची पहिली संधी ४ डिसेंबरला, हिवाळी अधिवेशनात.

त्यातही गंमत नाही, दुःख आहे ते असं, की अधिवेशन सुरू असतानाच ७ डिसेंबरच्या अधिसूचनेने निर्यातबंदी आली, ८ पासून लागू. लोकांनी आम्हाला विचारलं की आता तर अधिवेशन चालू आहे, उद्याच प्रश्न विचारा. पण प्रश्नाला किमान १५ दिवस आधी नोटीस लागते. ८ डिसेंबरला नोटीस टाकली तर उत्तराची तारीख २४ च्या आसपास, आणि अधिवेशन संपलं २१ ला. मंत्री तयार असेल तर अल्पसूचना प्रश्न घेता येतो, पण तसे मंत्री क्वचितच तयार होतात. मग उरतो शून्य प्रहर, म्हणजे आयत्या वेळचे तातडीचे विषय मांडायचा वेळ, आणि नियम ३७७. शून्य प्रहरात दोन-तीन मिनिटं बोलता येतं, मंत्र्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं बंधन नाही. ३७७ मध्ये अडीचशे शब्दांचं निवेदन असतं, त्याला मंत्रालयाकडून लेखी उत्तर येतं पण नंतर सवडीने. त्यात त्या अधिवेशनात १३ तारखेला प्रेक्षक गॅलरीतून उड्या मारायचा प्रकार झाला, त्यावरून गोंधळ आणि दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ खासदार निलंबित. निलंबित खासदारांचे यादीत लागलेले प्रश्नही काढून टाकतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

साठ दिवसांचं खरं नुकसान हे आहे. शुल्क, निर्यातबंदी, साठामर्यादा हे निर्णय अधिसूचनेने एका रात्रीत होतात, त्याला संसदेची आधी परवानगी लागत नाही, नंतर फक्त काही कागद पटलावर, म्हणजे सभागृहासमोर, ठेवले जातात. आणि विचारायची जागा वर्षातून तीनदाच उघडते. शेती, त्यातही नाशवंत माल, याला हे फार महागात पडतं. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तेव्हा लाल कांद्याचा सगळा हंगाम निघून गेला होता.

आता प्रश्नांकडे येतो, कारण बॅनरवर तोच आकडा असतो. लोकसभेत रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. तारांकितला मंत्री उभा राहून उत्तर देतो आणि वरून पूरक प्रश्न विचारता येतो, पण तासाभरात जेमतेम चार-पाचच होतात, बाकीच्यांना लेखी उत्तर. अतारांकितला फक्त लेखी. कोणाचा नंबर लागणार ते लॉटरीने ठरतं, म्हणून तारांकित किती आले यावरून खासदाराची हुशारी मोजू नका. प्रत्येक मंत्रालयाला आठवड्यातला एक वार ठरलेला असतो, तो वार गोंधळात गेला तर त्या मंत्रालयाला तोंडी विचारायचं पुढच्या आठवड्यावर, आणि अधिवेशनच तीन आठवड्यांचं.

सगळ्यात जास्त प्रश्न वाया जातात ते चुकीच्या मंत्रालयाला टाकल्याने. कांदा एकच, पण बफर साठा, नाफेड-एनसीसीएफ या सरकारसाठी कांदा घेणाऱ्या सहकारी संस्थांची खरेदी, दर स्थिरीकरण निधी हे ग्राहक व्यवहार मंत्रालयाकडे, निर्यातबंदी आणि किमान निर्यात मूल्य वाणिज्यकडे, निर्यात शुल्क अर्थ मंत्रालयाकडे, पेरा आणि उत्पादनाचे अंदाज कृषीकडे. कृषी मंत्र्याला शुल्काचं विचारलं तर प्रश्न तरी दुसरीकडे पाठवतात नाहीतर गोल उत्तर येतं.

आणि शब्दरचना. आमच्याकडे येणारी निवेदनं बहुतेक अशी असायची, "कांदा उत्पादक शेतकरी संकटात आहे हे खरे आहे काय, असल्यास सरकार काय उपाययोजना करीत आहे?" याला उत्तर म्हणून दोन पानं योजनांची यादी येते, कुठलीही जुनी फाईल उघडून देता येते तशी. तोच विषय मी असा टाकायचो: मागच्या तीन वर्षांत नाशिक जिल्ह्यात नाफेड आणि एनसीसीएफने केंद्रनिहाय किती टन कांदा घेतला, सरासरी काय दराने, त्यातला साठवणुकीत किती खराब झाला किंवा वजनात घटला, आणि पैसे शेतकऱ्याच्या खात्यात जायला किती दिवस लागले. याला यादी देऊन भागत नाही, आकडा द्यावा लागतो, आणि आकडा एकदा सरकारच्या सहीने रेकॉर्डवर आला की तो आंदोलनात, कोर्टात, पेपरात, कुठेही वापरता येतो. मत, आरोप, टोमणा प्रश्नात चालत नाही, तसा प्रश्न नामंजूर होतो. शिवाय तो विषय केंद्राचा पाहिजे. महापालिकेच्या खड्ड्यांवर लोकसभेत प्रश्न लागत नाही, त्या रागाचं निवेदन खासदाराला देऊन काही होत नाही, आयुक्तांकडेच जा.

उत्तर आलं की वाचायला शिका. "माहिती गोळा केली जात आहे आणि पटलावर ठेवली जाईल", "प्रस्ताव विचाराधीन आहे" अशी वाक्यं दिसली की लोक निराश होतात, मला उलट आनंद व्हायचा. अशा वाक्यांची आश्वासन म्हणून नोंद होऊ शकते, त्यासाठी सरकारी आश्वासनांची वेगळी समिती आहे आणि मंत्रालयाने ते साधारण तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं. बऱ्याचदा मुदतवाढ मागतात, पण विषय मरत नाही, मंत्रालयातल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर तो जिवंत राहतो. नाशिक-पुणे रेल्वेसारख्या विषयाला हेच लागतं, एका भाषणाने असे विषय सुटत नाहीत, दर अधिवेशनाला "डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) कोणाकडे आहे, कुठल्या तारखेपासून, कोणाचा काय आक्षेप" असं एकेक पाऊल पुढचं विचारत राहावं लागतं.

आता तुमचा पहिला प्रश्न, बाकीचं वर्ष. त्याचं सर्वात मोठं उत्तर समित्या. मंत्रालयांशी जोडलेल्या २४ स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, आणि त्या अधिवेशन नसतानाही बैठका घेतात, दौरे करतात. शिवाय लोकलेखा समिती, अंदाज समिती, सार्वजनिक उपक्रम समिती. आपल्या नाशिकरोडची नोटांची प्रेस ज्या महामंडळाची आहे त्याचा आणि ओझरला विमानाचा कारखाना असलेल्या एचएएलचा वार्षिक अहवाल दरवर्षी संसदेच्या पटलावर येतो, तो कोणीही डाऊनलोड करून वाचू शकतो, तिथल्या कामगार संघटनांनी तर वाचलाच पाहिजे. समितीच्या बैठका बंद दाराआड होतात, टीव्हीवर नसतात, त्यामुळे तिथे कॅमेऱ्यासाठी कोणी ओरडत नाही आणि वेगवेगळ्या पक्षांचे लोक एकाच अहवालावर सह्या करतात. खासदार कुठल्या समितीवर आहे आणि तिथे जातो का, हे मी हजेरीच्या टक्क्यापेक्षा कितीतरी वर ठेवतो. चौदाव्या आणि पंधराव्या लोकसभेत निम्म्याहून जास्त विधेयकं समित्यांकडे जायची, सतराव्यात ते प्रमाण १६ टक्क्यांवर आलं, आणि याबद्दल टीव्हीवर गोंधळावरच्या चर्चेच्या दहाव्या हिश्श्याइतकीही चर्चा झाली नाही याचं मला फार वाईट वाटतं.

उरलेला वेळ मतदारसंघात जातो, लग्नं, दशक्रिया, पासपोर्टपासून रेल्वे थांब्यापर्यंतची पत्रं, आणि वर्षाला ५ कोटींचा खासदार निधी. सभामंडप, रस्ता, हायमास्ट हे त्या निधीतून होतं. त्याला संसदेचं काम म्हणत नाहीत, बॅनरवर मात्र सगळं एकत्र छापतात.

तर बॅनरचं असं. हजेरी म्हणजे त्या दिवशी हजर अशी नोंद झाली एवढंच, आत पाच मिनिटं बसला की सहा तास ते त्यातून कळत नाही. प्रश्नांचा आकडा मोठा असेल तर संसदेच्या वेबसाईटवर जा, खासदाराच्या नावाने सगळे प्रश्न-उत्तरं हिंदी-इंग्रजीत पडलेली असतात, त्यातले कुठलेही दहा उघडा. नाशिकचे किती, आकडा मागणारे किती, आणि एका उत्तरावरून पुढचा प्रश्न निघालाय असे किती ते बघा. बरेच प्रश्न तयार साच्यातले असतात, पाच-सहा खासदारांच्या नावाने तोच प्रश्न तशाच शब्दांत दिसला की ओळखायचं. पन्नासच प्रश्न असतील पण एकाच विषयाचा तीन वर्षं पाठलाग केलेला असेल तर तो खासदार माझ्या मते चारशेवाल्यापेक्षा चांगला. भाषणं मराठीत केली तरी चालतात, भाषांतराची सोय आहे, म्हणून "आमच्या साहेबांना हिंदी जमत नाही" हे कारण ऐकून घेऊ नका.

तुमच्यासाठी व्यवहाराचं सांगतो. अधिवेशनाच्या तारखा साधारण दोन-तीन आठवडे आधी जाहीर होतात आणि प्रश्नांच्या नोटिसा लगेच सुरू होतात, म्हणून निवेदन तारखा जाहीर व्हायच्या आधी ऑफिसात पोचलेलं पाहिजे, म्हणजे जूनच्या शेवटी, ऑक्टोबरच्या शेवटी आणि डिसेंबरच्या शेवटी. मोर्चा काढून अधिवेशनाच्या मध्यावर दिलेलं निवेदन फोटोपुरतं राहतं. एका निवेदनात एकच विषय, एक पान, सोबत पुरावा, म्हणजे बाजार समितीची पट्टी, नाफेडची पावती, जे असेल ते. खाली तुम्हीच तीन-चार आकडे मागणारे प्रश्न लिहून द्या, ऑफिसातला माणूस तुम्हाला दुवा देईल, कारण त्याच्याकडे त्या आठवड्यात पन्नास निवेदनं असतात. पीएला विचारून ठेवा की नोटीस टाकली का आणि कुठल्या तारखेची. लागला तर उत्तराची प्रत मागून घ्या, नाही लागला तर तोच मजकूर ३७७ ला द्यायला सांगा. आणि विषय समितीच्या कामात बसत असेल तर समितीला थेट लेखी सूचना पाठवा, त्याला खासदाराची शिफारस लागत नाही. याचिका समितीही आहे, तिथे अर्ज सभागृहात मांडायला एका खासदाराची सही लागते.

तुमचं गाव कुठल्या तालुक्यात आहे आणि कांद्यातलं नेमकं काय अडलंय, खरेदीचे पैसे, शुल्क की साठवणुकीचं अनुदान, ते खाली लिहा. कुठल्या मंत्रालयाला टाकायचा ते सांगतो आणि प्रश्नाचा मसुदाही करून देतो.